तिसरी वायर

गीझर भिंतीवर चढायला पाऊण तास लागला. तो सुरू व्हायला अकरा दिवस लागले. हा लेख त्या अकरा दिवसांचा आहे.

घर माझ्या मावशीचं. पुण्यात, सदाशिव पेठेत, साठच्या दशकात बांधलेल्या इमारतीचा दुसरा मजला. मावशी ७८ वर्षांची, एकटी राहते. काका होते तोवर न्हाणीच्या दाराशी तांब्याचा बंब असायचा. दिवाळीच्या पहाटे ढलप्या आणि कोळसे घालून तो काका पेटवायचे, आणि आम्ही भाचरं तेल चोळून घेऊन, कुडकुडत त्याच्याभोवती रांगेत उभी राहायचो. पुढे बंब गेला, बादलीत सोडायची कॉइल आली. कॉइलची मावशीला भीती वाटायची म्हणून ती गॅसवर पाणी तापवू लागली. गेल्या वर्षी पावसाळ्यात आधणाचं पातेलं न्हाणीत नेताना तिचा पाय घसरला आणि घोटा चांगलाच भाजला. त्याच आठवड्यात मी १५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर घेतला. नवरात्र जवळ आलं होतं, दिवाळीला महिना होता.

बसवायला आलेल्या मुलाने काम नेटकं केलं. भिंतीत खुंट्या ठोकल्या, टाकी लटकवली, गार-गरम पाण्याच्या नळ्या जोडल्या, टाकी भरून गरम नळातून पाण्याची धार येते का तेही पाहिलं. मग न्हाणीबाहेरच्या मोठ्या सॉकेटकडे बोट दाखवून म्हणाला, ‘‘पॉइंट आहे ना, लावा आता.’’ अर्थिंग आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘‘ते वायरमनचं काम, ताई.’’ त्याचं म्हणणं खरं होतं. गीझर विकणारा टाकीची हमी देतो. घराची हमी त्याच्या कार्डावर कुठेच नसते.

मी बटणाकडे हात नेला आणि मावशी सहज बोलून गेली, ‘‘त्या सॉकेटला वॉशिंग मशीन होतं ना, त्याला हात लावला की जरा झिणझिण्या यायच्या. चपला घातल्या की नाही यायच्या.’’

मी हात मागे घेतला.

गल्लीत तीस-पस्तीस वर्षं वायरिंगची कामं करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना काकाच म्हणतात. दुसऱ्या दिवशी ते आले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात टेस्टर, पकड, इन्सुलेशन टेप, मल्टिमीटर, आणि होल्डरला दोन वायरी जोडून केलेला साठ वॉटचा टेस्ट लँप. गीझरकडे त्यांनी पाहिलंच नाही. विचारलं, ‘‘मेन कुठाय?’’

मेन जिन्याच्या दाराशी होता. एवढी वर्षं त्या घरात माझं येणं-जाणं आहे, पण तो बोर्ड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. काळपट सागवानी फळी. तिच्यावर बिडाच्या पेटीतला मेन स्विच, बाजूला खटका. खाली चिनी मातीचे पाच कटआउट, ज्यांना वायरमन किटकॅट म्हणतात. फळीच्या कडेला कधीतरी नंतर बसवलेली तीन एमसीबींची प्लास्टिकची डबी. माझ्या काकांनी कशावरही काही लिहून ठेवलं नव्हतं. त्यांना सगळं पाठ होतं, आणि ते पाठांतर त्यांच्याबरोबरच गेलं.

‘‘तीन पिढ्या आहेत इथं,’’ वायरमनकाका म्हणाले. बाहेरच्या खोलीत लाकडी केसिंग-कॅपिंग, आत रबरी आवरणाची जुनी तांब्याची वायर. मागच्या खोल्यांत आणि न्हाणीकडे लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली ॲल्युमिनियमची. स्वयंपाकघरात नव्वदच्या सुमाराची पीव्हीसी पट्टी आणि तांबं. मधली पिढी सगळ्यांत नाजूक. आपल्याकडे तांबं बाहेरून आणावं लागे आणि परकीय चलन जपून वापरावं लागे, त्या काळात घराघरांत ॲल्युमिनियमची वायर गेली. ॲल्युमिनियम वीज नेतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्यावर हवेने लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो थर वीज नेत नाही. शिवाय स्क्रूखाली दाबलेलं ॲल्युमिनियम वर्षानुवर्षं हळूहळू दबत, पसरत जातं. आज घट्ट आवळलेला स्क्रू दहा वर्षांनी आपोआप सैल झालेला असतो. तांब्याशी थेट पीळ मारून जोडलं आणि तिथे ओल आली, की जोड खायलाच लागतो.

मग ही वायर इतकी वर्षं गप्प कशी राहिली? याचं उत्तर मला वायरमनकाकांनी दिलं नाही. ते मी घरी येऊन कागदावर मांडलं, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. ७५ वॉटचा पंखा २३० व्होल्टवर साधारण ०.३ अँपिअर घेतो. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. सैल जोडात समजा अर्धा ओहम अडथळा आहे. तिथे तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. पंखा चालू असताना त्या जोडावर एक दशांश वॉटइतकीही उष्णता नाही, बोट ठेवलं तरी कळणार नाही. गीझर चालू असताना त्याच जोडावर ३८ वॉट. म्हणजे लाकडी पट्टीच्या आत कुणी तापलेलं सोल्डरिंग आयर्न ठेवून गेल्यासारखं, आणि तेही रोज सकाळी वीस मिनिटं. पंखा आणि ट्यूब यांच्या भरवशावर एखादं वायरिंग ‘चांगलं चाललंय’ असं म्हणणं याला काही अर्थ नाही. वायरिंगची परीक्षा जड लोडच घेतो.

दुसऱ्या भेटीत वायरमनकाकांनी बोर्डाची ओळख करून घेतली. ही पद्धत साधी आहे, पण वेळखाऊ. पाचही किटकॅट काढायचे, तिन्ही एमसीबी खाली करायचे, सगळे दिवे-पंखे चालू ठेवायचे आणि मग एकेक किटकॅट बसवत जायचं. मावशी स्वयंपाकघरात, मी माजघरात. ‘‘आली!’’ ‘‘गेली!’’ असा पुकारा चालला होता. कुठला किटकॅट कशाचा ते मी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून तिथल्या तिथे चिकटवत होते. तिसरा किटकॅट निम्म्या माजघराचा आणि निम्म्या न्हाणीचा निघाला. पाचवा कशाचाच नव्हता. निदान त्या घरातल्या कशाचा नव्हता.

मग काकांनी मेन बंद केला. खटका खाली, सगळे किटकॅट बाहेर, घर पूर्ण अंधारात. आता कुणीही म्हटलं असतं की बोर्ड मेला, हात घाला. काकांनी टेस्ट लँप आधी जिन्यातल्या एका चालू पॉइंटवर लावून बघितला. दिवा पेटतोय याची खात्री केली. मग बोर्डावरच्या एकेका टोकावर दिवा धरत गेले. चौथ्या किटकॅटच्या खालच्या टोकाशी दिवा लागला, पूर्ण उजेडाने.

मेन बंद असताना बोर्डावर वीज होती, आणि ती खालच्या मजल्यावरून आलेली होती. कधीकाळी जिन्यातल्या दिव्याला वर-खाली दोन्हीकडून बटण हवं होतं. कुणीतरी फेज खालच्या मीटरवरून घेतला आणि न्यूट्रल वरच्या बोर्डातून. दिवा लागला, काम झालं, पैसे घेऊन माणूस गेला. आता वरचा मेन बंद केला तरी त्या दिव्याच्या वायरिंगमधून खालच्या घराची वीज वरच्या बोर्डावर येऊन उभी राहत होती. मेन बंद केला म्हणजे बोर्ड बंद झाला, हे अनोळखी बोर्डाच्या बाबतीत गृहीत धरायचंच नसतं. दिवा लावून बघायचा, आणि बघण्याआधी तो दिवा शाबूत आहे हेही बघायचं. काकांनी हे मला एक शब्द न बोलता शिकवलं. त्यांनी प्रत्येक वेळी तो जिन्यातला पॉइंट आधी तपासला, तपासणी झाल्यावर परत तपासला.

टेस्टर का नाही, मी विचारलं. आपल्या सगळ्यांच्या घरात पेचकसासारखा तो पिवळ्या मुठीचा टेस्टर असतो. ‘‘टेस्टर फेज दाखवतो,’’ ते म्हणाले, ‘‘न्यूट्रल आहे की नाही ते नाही दाखवत.’’ न्यूट्रल तुटलेला असेल आणि बटण चालू असेल, तर फेज उपकरणातून फिरून न्यूट्रलच्या भोकातही येतो. मग टेस्टर दोन्हीकडे लागतो. घरोघरी ऐकू येणारं ‘दोन्हीकडे फेज येतोय’ हे वाक्य यातूनच आलेलं आहे. उलट, शेजारच्या वायरच्या नुसत्या सोबतीनेही टेस्टर मिणमिणतो. दिव्याला मात्र प्रत्यक्ष करंट लागतो. त्याला फसवता येत नाही.

त्यानंतर त्यांनी न्हाणीबाहेरचं ते मोठं सॉकेट उघडलं.

हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. बेकेलाइटची तपकिरी पाटी दोन स्क्रूंवर सैल झाली, पुढे आली. मागे तीन पितळी टोकं. खालच्या दोघांना वायरी आल्या होत्या. दोन्ही वायरी जुनाट, धुरकट. लाल कुठली, काळी कुठली हे उजेडात धरूनही कळत नव्हतं. वरच्या, जाड पिनेच्या टोकाला भिंतीतून काहीच आलेलं नव्हतं. तिथे बोटाच्या पेराएवढा वायरचा तुकडा होता. त्याचं एक टोक अर्थच्या स्क्रूखाली, दुसरं न्यूट्रलच्या.

काकांनी पकडीने तो तुकडा उपटून माझ्या तळहातावर ठेवला. ‘‘हे तुमचं अर्थिंग.’’

कुणी लावला, कधी लावला, माहीत नाही. हेतू वाईट नसणार. मशीन बसवणाऱ्याने अर्थिंग मागितलं असेल, मीटरवर फेज आणि अर्थ यांच्यात २३० व्होल्ट दिसायला हवे असतील. न्यूट्रल कुठेतरी ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेला असतोच, मग इथेच जोडला तर काय बिघडलं, असा विचार. मीटर २३० दाखवतो, सगळे खूश होतात. आणि मशीनचा पत्रा त्या क्षणापासून न्यूट्रलच्या नशिबाला बांधला जातो. न्यूट्रलवर थोडे व्होल्ट चढले की हाताला झिणझिण्या. मावशीला यायच्या त्या याच.

न्यूट्रल तुटला तर काय, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी मला परत मेनपाशी नेलं आणि बिडाची पेटी उघडून दाखवली. आत दोन फ्यूज होते, एक फेजचा, एक न्यूट्रलचा. दोन्ही तारांना फ्यूज घालायची जुनी रीत होती. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांनी जमिनीला जोडलेल्या न्यूट्रलमध्ये असा सुटा फ्यूज ठेवायला मनाई केली, पण बोर्डांच्या पेट्या कुणी उघडून बघितल्या? त्या दोन फ्यूजांपैकी न्यूट्रलचा आधी वितळला, तर घरातले दिवे जातात. सगळ्यांना वाटतं लाईट गेली. पण फेज जागेवरच असतो. गीझरचं बटण चालू राहिलं, तर फेज कॉइलमधून पुढे येतो, न्यूट्रलपर्यंत पोहोचतो, परतीची वाट बंद बघून त्या पेराएवढ्या तुकड्यातून गीझरच्या पत्र्यावर आणि तिथून पाण्यात उतरतो. गीझरच्या कॉइलचा अडथळा मीटरवर २६.४ ओहम होता. ओल्या अंगाच्या माणसाचा साधारण हजार ओहम धरला, तर दोघांच्या मालिकेत माणसाच्या वाट्याला २३० पैकी २२४ व्होल्ट येतात. करंट दोनशे मिलिअँपिअरच्या वर. हृदयाचा ताल बिघडायला याच्या कितीतरी कमी पुरतो.

आणि घरात अंधार असतो. दिवे गेलेत, तेव्हा वीज नाही, असं समजून माणूस निर्धास्तपणे नळाला हात लावतो.

माझ्या ओळखीचे एक शिक्षक आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवून निवृत्त झाले आहेत. तो तुकडा मी त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये पहिल्या महिन्यात जे शिकवतो, त्यात हे करायचं नाही, हे असतं. पण शिकलेल्या पोरांच्या पुढे न शिकलेले स्वस्तात काम करतात आणि घरमालक परवाना विचारत नाही. सरकारी नियमांप्रमाणे घराचं वायरिंग परवानाधारकानेच करायचं आहे. आपण प्लंबर, रंगारी, सुतार जसा शोधतो तसाच वायरमन शोधतो, कुणी सांगितलं म्हणून.

तिसऱ्या वायरीचं खरं काम काय, ते त्यांनी मला समजावलं. पुस्तकातली व्याख्या मला ठाऊक होती, आकडे नव्हते. गीझरची कॉइल एका धातूच्या नळीत असते. पुण्या-मुंबईत ठीक, पण बोअरचं पाणी असेल तिथे नळीवर क्षारांचं पूट चढतं, ती आतून जास्त तापते, एक दिवस तडकते. फेज पाण्याला आणि पत्र्याला लागतो. अर्थची वायर असेल तर करंट तिच्यातून जमिनीत जातो. पण जमिनीत जाणं पुरेसं नाही. तो इतका जायला हवा की फ्यूज उडेल. घराच्या अर्थपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या वाटेचा अडथळा २० ओहम असेल, तर २३० भागिले २०, साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी यावर पडणारच नाही. जुना किटकॅट तर नाहीच, कारण त्यातली तार वितळायला तिच्या लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट करंट लागतो. गीझर चालू, पत्र्यावर वीज, फ्यूज शाबूत. म्हणून अर्थिंगच्या जोडीला ईएलसीबी लागतो. तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट तिसऱ्याच वाटेने गेला, की तो सर्किट तोडतो.

‘‘मग अर्थ नसला आणि नुसता ईएलसीबी असला तर?’’

‘‘मग फरक पडायला माणूस लागतो,’’ सर म्हणाले. ‘‘अर्थ असेल, तर माणूस हात लावायच्या आधीच तो पडलेला असतो.’’

अर्थ कुठून आणायची हा पुढचा प्रश्न होता, आणि इथेच सर्वांत जास्त दिवस गेले. जुन्या रहिवाशांना आठवत होतं की इमारतीला पूर्वी अर्थ होती. वायरमनकाकांनी ती शोधून काढली. मोरीखाली, पाण्याच्या जस्ती नळाला पट्टा मारून हिरवी तार बांधलेली होती. जमिनीत गेलेला लांबलचक लोखंडी नळ म्हणजे फुकटातली अर्थ, असं गावोगाव केलं गेलं. पण काही वर्षांपूर्वी इमारतीने गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे घातले. सगळ्यांना पाण्याचा दाब सुधारल्याचा आनंद झाला. तार मात्र तशीच राहिली. दोन फुटी लोखंडाच्या तुकड्याला बांधलेली, आणि तो तुकडा दोन्ही बाजूंनी प्लास्टिकमध्ये. सहा घरांची अर्थ त्या दिवशी गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही, कारण अर्थ गेल्याने कुठलाच दिवा विझत नाही.

मी सहाही घरी गेले. दोन घरांत गीझर होते, एका घरात इन्स्टंट. मी बोलायला सुरुवात केली की आधी वर्गणीचा प्रश्न येई. मग मी खिशातून तो वायरचा तुकडा काढून दाखवायचे. तळमजल्यावरच्या वहिनींनी तो बघितला, लगेच आपल्या न्हाणीतलं गीझरचं बटण बंद केलं आणि म्हणाल्या, ‘‘खड्डा माझ्या अंगणात घ्या.’’

दोन माणसांनी एक दिवस खणलं. ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप उभा घातला, त्याला ठिकठिकाणी भोकं. भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर. मीठ मातीतून करंट जाऊ देतं, कोळसा ओल धरून ठेवतो. वर पाणी घालायला नरसाळं, आणि विटांची छोटी चौकट. जमिनीत दोन खुंट्या ठोकून अर्थ टेस्टर लावला तेव्हा पहिला आकडा ९ आला. चार बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी ४ च्या खाली. जिन्यातून वरपर्यंत नवी हिरवी वायर गेली आणि प्रत्येक मजल्यावर एकेक टोक सोडलं.

खरेदीला मी काकांबरोबर तपकीर गल्लीत गेले. मुंबईकरांना लोहार चाळ, तसं पुणेकरांना बुधवारातली ही गल्ली. दोन किलोवॉटला अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चालते, पण काकांनी चारची घेतली. ‘‘गीझर बदलतो, वायर तीच राहते. उद्या कुणी तीन किलोवॉटचा आणून लावेल.’’ दोन पोलचा १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल एकाच खटक्याने तुटतील. २५ अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी. १६ अँपिअरचं स्विच-सॉकेट. ते त्यांनी उलटसुलट करून, आतली पितळी पट्टी दाबून बघितलं. काउंटरवरच्या मुलाने निम्म्या किमतीचं पुढे केलं. काकांनी ते हातातही घेतलं नाही.

या तीन पिनेच्या प्लगबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. गोल पिना आपल्याला इंग्रजांकडून मिळाल्या. त्यांनी स्वतः १९४७च्या सुमारास चौकोनी पिनांचा १३ अँपिअरचा प्लग आणला, आपण मात्र गोलच ठेवल्या. त्यातली वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की प्लग घालताना अर्थ सगळ्यांच्या आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी. कुणीतरी किती विचाराने हे केलं होतं! आणि मावशीच्या भिंतीत त्या लांब पिनेच्या मागे काहीच नव्हतं.

रंगांचा घोळ याच आठवड्यात झाला. मावशीचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीत असतो. व्हिडिओ कॉलवर त्याला उघडा बोर्ड दाखवला तर तो ओरडला, ‘‘काळीला हात लावू नका, ती लाइव्ह!’’ त्याच्या घरी खरंच तसं आहे. तिथे काळी आणि लाल या जिवंत, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थ. तिथला पाण्याचा हीटर तळघरात उभा, माणसाएवढा, बहुधा ४५०० वॉटचा. त्याला दोन जिवंत तारांमधले २४० व्होल्ट लागतात, न्यूट्रल लागतच नाही. त्यामुळे दोन तारांच्या केबलमधली पांढरीसुद्धा तिथे जिवंत असते, आणि म्हणून तिच्यावर काळी टेप गुंडाळायची असते. टेप गुंडाळायचा कुणी आळस केला, तर पुढच्याने पांढरी बघून विश्वास ठेवायचा. आपल्याकडे लाल, पिवळी, निळी हे तीन फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. ब्रिटनमध्येही आधी लाल-काळीच होती, २००६पासून नव्या कामात तपकिरी आणि निळी झाली आणि तिथली निळी न्यूट्रल आहे. आणि आमच्या गीझरच्या स्वतःच्या वायरीचे रंग कोणते? तपकिरी, निळा, हिरवा-पिवळा. म्हणजे पुण्यातल्या त्या एका सॉकेटमध्ये भिंतीकडून येणारी काळी न्यूट्रल आणि गीझरकडून येणारी निळी न्यूट्रल भेटणार होत्या. इमारतीच्या थ्री-फेज बोर्डात हीच निळी म्हणजे फेज. रंग ही कुणीतरी कधीतरी दिलेली खूण असते. ती देणारा माणूस कोण होता, कुठे शिकला होता, त्या दिवशी त्याच्या पिशवीत कुठली वायर शिल्लक होती, हे रंगावरून कळत नाही.

शेवटचं काम एका दिवसात झालं. जुन्या ॲल्युमिनियमला काकांनी हात लावला नाही. गीझरसाठी मेनपासून थेट स्वतंत्र लाइन ओढली. पूर्ण घराला ईएलसीबी का लावत नाही, असं मी विचारलं. ‘‘चौथ्या नंबरचा न्यूट्रल उसना आहे,’’ ते म्हणाले. खालच्या घराचा फेज आणि वरच्या घराचा न्यूट्रल असेल, तर ईएलसीबीला जाणारा आणि येणारा करंट कधीच जुळणार नाही, तो दर संध्याकाळी पडेल, आणि चार दिवसांनी वैतागून कुणीतरी त्याला बगल देऊन वायर जोडेल. म्हणून आधी गीझर सुरक्षित करायचा, मग उसनवारी फेडायची, मग पूर्ण घर. मेनमधल्या न्यूट्रलच्या फ्यूजच्या जागी त्यांनी पितळी लिंक घातली. तिला त्यांनी स्क्रू मारला, परत अर्धा फेरा आवळला, वायर ओढून बघितली. मेगर लावून नव्या लाइनचं इन्सुलेशन पाहिलं. गीझरची कॉइल ते पत्रा, काटा अनंतावर. बिलावरचा मंजूर भार एकच किलोवॉट होता, तो वाढवून मिळण्याचा अर्ज मी महावितरणकडे केला.

मग ईएलसीबीवरचं टेस्टचं बटण मावशीला दाबायला लावलं. खटका पडला तशी ती दचकली. ‘‘बिघडला?’’

‘‘नाही आजी, जागा आहे,’’ काका म्हणाले. ‘‘दर महिन्याला एकदा दाबायचं. पडला तर चांगला. नाही पडला तर मला फोन.’’

१५ लिटर पाणी २५ अंशांपासून ६० पर्यंत न्यायला दोन किलोवॉटला साधारण १८ मिनिटं लागतात. आम्ही न्हाणीबाहेर पाटावर बसून होतो. क्लँप मीटरवर ८.५ अँपिअर. काकांनी दर पाच मिनिटांनी सॉकेटच्या पाटीवर, एमसीबीवर, मेनच्या पेटीवर हाताची मागची बाजू टेकवली. कुठे गरम लागलं नाही. मग थर्मोस्टॅटने टक्कन् आवाज केला आणि लाल दिवा गेला.

नरक चतुर्दशीला पहाटे पाचला पेठेतले सगळे गीझर एकदम चालू होतात. त्या दिवशी मी मीटर लावून पाहिलं, व्होल्टेज २०७ वर आलं होतं. दहा टक्के व्होल्टेज कमी म्हणजे जवळपास एक पंचमांश ताकद कमी. मावशीच्या पाण्याला तेवीस मिनिटं लागली. तिने उटणं लावून शांतपणे वाट पाहिली.

यंदा एप्रिलच्या शेवटी काकांनी पुन्हा अर्थ मोजली. माती वाळून आकडा ७ वर गेला होता. तळमजल्यावरच्या वहिनींचा मुलगा आता दर रविवारी नरसाळ्यात दोन बादल्या ओततो. इमारतीतल्या सहापैकी चार घरांनी ते हिरवं टोक आत घेतलं आहे. दोघांचं ‘बघू’ चालू आहे.

मावशीच्या बोर्डाशेजारी मी एक कागद चिकटवला आहे. काकांनी सांगितलं, मी लिहिलं, खाली तारीख. पाचव्या ओळीत ‘रिकामा, वायर कापून टोक बंद केलं’ असं आहे. चौथी ओळ लाल पेनाने आहे: ‘जिना. फेज खालच्या मीटरचा. मेन बंद केला तरी इथे वीज असते. अजून वेगळा केलेला नाही.’